वेल्सचे पाद्री आणि दारातलं पाणी

दिवस: तान्हा पोळा, सकाळची वेळ.
स्थळ: केळझरच्या पुढे आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातली अंगणवाडी.
हजर: मी, अभ्यासकेंद्राची समन्वयक. थूल सर, इतिहास शिकवतात. सुनंदाताई, अंगणवाडी सेविका आणि आमच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनी. बाबाराव, गावातले जुने किराणा दुकानदार, सुनंदाताईंचे सासरे. गयाबाई, बौद्ध वस्तीतल्या सगळ्यात वयस्क बाई. शिवाय लाकडी बैल ओढत आलेली बरीच पोट्टी; त्यांची हजेरी घेतली नाही.
विषय: मध्ययुगात वेल्स नावाच्या देशात आलेल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देत, त्यावरून निर्माण झालेली अडचण.

मला कोणतीही गोष्ट अशी मांडून घेतल्याशिवाय सुचत नाही. बैठक असली की हजर कोण, विषय काय, काय ठरलं, काय राहिलं. एवढं कागदावर आलं की डोकं मोकळं होतं. या बैठकीचं मात्र तसं झालं नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या कामाबद्दल लिहा’ म्हटलं, तेव्हा हेच लिहावं असं ठरवलं. लिहिता लिहिता उलगडेल अशी आशा आहे.

आधी काम काय ते सांगते. ज्यांना वेळच्या वेळी कॉलेज करता आलं नाही, अशांना घरी बसून पदवी घेता यावी यासाठी आमचं केंद्र आहे. वर्धा शहरातल्या एका शाळेच्या दोन खोल्या आम्हाला सुट्टीच्या दिवशी मिळतात. पुस्तकांचे गठ्ठे येतात, ते वाटायचे. शनिवारी-रविवारी तास ठेवायचे. शिकवणाऱ्यांना फोन करून आठवण द्यायची, विद्यार्थ्यांना आठवण द्यायची, शाळेच्या शिपायाला किल्लीची आठवण द्यायची. शिकवत मी काहीच नाही. पण कोण शिकतं, कोण गळतं, कोणाचं काय अडलंय हे मला पाठ असतं. बोरगाव मेघेहून केंद्रावर स्कूटीने जाताना सगळी यादी मनात म्हणून होते.

विद्यार्थी म्हणाल तर पोलीस शिपाई, नर्सबाया, एसटीचे वाहक, मुलांची लग्नं उरकून मोकळ्या झालेल्या आया. अशांच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात ‘इतिहास कोणी लिहिला’ असा एक विषय आहे, आणि त्यातलं एक प्रकरण वेल्सच्या पाद्र्यांवर. हेच का? मी वर विचारलं होतं. ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांना त्या विषयाची माहिती होती, असं उत्तर आलं. पटण्यासारखं आहे.

वेल्स म्हणजे इंग्लंडच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. विद्यार्थ्यांना थूल सर ‘मेळघाट समजा’ म्हणतात, मग वर्ग शांत होतो. त्या काळी लिहिता येणारे लोक म्हणजे मुख्यतः मठातले साधू आणि चर्चचे अधिकारी. साधूंकडे सण कधी येतो याची वर्षवार कोष्टकं असत. त्या कोष्टकाच्या कडेला ते एखादी ओळ टाकत. या वर्षी गुरं मेली, या वर्षी अमका राजा मेला, या वर्षी काहीच नाही. तीच इतिहासाची सुरुवात. मला हे साधू फार जवळचे वाटतात. आपल्याकडेही मराठीतलं सुरुवातीचं गद्य महानुभाव पंथाच्या साधूंनीच लिहून ठेवलं, हे सर सांगतात तेव्हा मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

प्रकरणातला मुख्य माणूस बाराव्या शतकातला एक चर्च-अधिकारी आहे. नाव देत नाही. परीक्षेत ते कोणीच धड लिहीत नाही. त्याच्या घराण्यात वेल्सचं रक्त होतं आणि इंग्लंड जिंकून बसलेल्या नॉर्मन लोकांचंही. म्हणजे लिहिणारा अर्धा घरचा, अर्धा बाहेरचा. धर्मयुद्धासाठी माणसं गोळा करायला निघालेल्या मोठ्या धर्मगुरूंसोबत तो वेल्सभर फिरला आणि दिसेल ते लिहीत गेला. एका पानावर बीव्हर नावाचा प्राणी नदीत लाकडांचं घर कसं बांधतो ते. दुसरीकडे, देवळातली कबुतराची पिल्लं चोरायला गेलेल्या मुलाचा हात दगडाला कसा चिकटून बसला ते. दोन्ही त्याच गंभीरपणे.

कारंजा (घाडगे)जवळ हायवेवर ढाबा चालवणारे नत्थूभाऊ आमचे विद्यार्थी होते. त्यांनी वर्गात विचारलं, “सर, यातलं खरं कोन्तं धराचं?”

“परीक्षेत दोन्ही लिहा,” सर म्हणाले.

“अन् परीक्षा झाल्यावर?”

सर हसले आणि खडू शोधू लागले.

त्या पाद्र्याने आणखी एक केलं. वेल्सच्या लोकांवरच्या पुस्तकाचा एक भाग त्यांच्या गुणांचा केला, एक दोषांचा. गुणांमध्ये त्याने लिहिलं की तिथे पाहुणा दारात आला की त्याला पाय धुवायला पाणी देतात. त्याने पाय धुऊ दिले तर तो मुक्कामाला राहणार असं समजायचं, नाही धुऊ दिले तर थोडं खाऊन पुढे जाणार. विचारपूस नाही, काही नाही. सगळा व्यवहार पाण्यावर.

मला ही गोष्ट इतकी आवडली की शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी त्यावरून आखला. आपल्या गावाच्या चालीरीती लिहा, निम्मे गुण, निम्मे दोष. शेवटी गावच्या पाच माणसांना वाचून दाखवा आणि त्यांच्या सह्या घ्या. पाचही जण वेगवेगळ्या वस्तीतले हवेत. हा सह्यांचा नियम माझा. आधी नव्हता, तेव्हा दोन विद्यार्थ्यांनी एकच प्रकल्प दिला होता. एकाने गावाचं नाव बदललं, पण नदी तशीच ठेवली. त्या गावाला नदी नाही. नियमानंतर अशा नद्या बंद झाल्या.

नत्थूभाऊंनी गावाऐवजी ढाब्याच्या चालीरीती लिहिल्या. ट्रकवाले जेवायला बसतात तेव्हा कोण कोणासाठी बाज सोडतो, कोण आपलं मीठ जवळ बाळगतो. पाच वस्त्या कुठून आणणार म्हणून पाच राज्यांच्या ड्रायव्हरांना वाचून दाखवलं. सह्या पाच लिप्यांत आल्या. त्यातल्या तीन मला वाचता येत नाहीत, पण गुण दिले.

आता सुनंदाताई. चाळिशी ओलांडली आहे. वर्षानुवर्षं अंगणवाडी चालवतात. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी पदवी लागते आणि वयाची अट आहे. यंदा पदवी झाली तर त्यांचा अर्ज बसतो, पुढच्या वर्षी बसत नाही. सगळे पेपर सुटले आहेत. उरलाय एकटा प्रकल्प.

तो त्यांनी चांगला लिहिला. दोषांत गावाचं काही झाकून ठेवलं नाही. ग्रामसभेला सह्या करून लोक घरी जातात, लग्नाच्या पंगतीत नातेवाईक बघून वाढतात, सांडपाण्यावरून भाऊ भाऊ बोलत नाहीत. मला धास्ती वाटली की हे वाचल्यावर गाव अंगावर येईल. तसं काहीच झालं नाही. लोक हसले, दोन दोष राहिले म्हणून सांगून गेले, आणि तिघांनी सह्या केल्या. गाडं अडलं ते गुणांवर.

सुनंदाताईंनी वेल्सवरून सुचून लिहिलं होतं: ‘आमच्या गावात दारात आलेल्या माणसाला हातपाय धुवायला पाणी दिल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देत नाही. माझ्या सासरच्या घरी ही रीत आजेसासूबाईंपासून चालत आली आहे.’ बाबाराव खूश झाले. गयाबाई मात्र म्हणाल्या, “हे खोटं हाये. मी यावर सही नाई करत.” त्यांचं म्हणणं सुनंदाताईंनी लिहून घेतलं आणि खाली जोडलं. ते वाचल्यावर बाबाराव म्हणाले, “मंग माही सही नाई.” बौद्ध वस्तीत दुसऱ्या कोणाची सही घ्यावी, तर सगळ्यांचं एकच उत्तर: आधी बुढीले विचारा.

म्हणून तान्ह्या पोळ्याला आम्ही तिथे गेलो. सुट्टी होती, आणि मुलांचे बैल मांडायला सुनंदाताईंना अंगणवाडी उघडायचीच होती.

बाबाराव टोपी नीट करून खुर्चीवर बसले होते. गयाबाई ओट्यावर, भिंतीला टेकून. नाती विचारून झाली, थूल सरांचं मूळ गाव कोणतं तेही गयाबाईंनी काढून घेतलं. मग मी मुद्द्यावर आणलं.

“गयाबाई, यात नेमकं खोटं काय आहे?”

“तुमीच वाचा ना जी. दारात आलेल्या माणसाले पाणी. माणसाले म्हणलं ना? मी जात होती त्याईच्या दारात, मीठ-मिरची आनाले. पाणी मागतलं तर ओंजळ धराची अन् वरून धार सोडाचे. पायाले पाणी कुठचं, बाप्पा?”

मी बाबारावांकडे पाहिलं. ते भांडतील असं वाटलं होतं. ते जमिनीकडे बघत म्हणाले, “तवा तसंच होतं. नाई म्हणत नाई मी. लिहा थे. त्याचं मले काई नाई.”

“मग अडलं कुठे?”

“म्होरचं वाचा,” ते म्हणाले.

पुढचं असं होतं. गयाबाई लग्न होऊन नव्या आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका उन्हाळ्यात बाबारावांच्या आळीची विहीर आटली. बाबारावांची आई पहाटे, कोणी उठायच्या आत, गयाबाईंच्या वस्तीच्या विहिरीवर येऊन पाणी नेई. एकदा भोवळ येऊन ती गयाबाईंच्या दारात बसली. गयाबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातलं, तोंडाला पेला लावला, आणि ती प्यायली.

“माही माय कोणाच्या दारात नाई बसली,” बाबाराव म्हणाले. “एकादशीले फराळ बी दुसऱ्याच्या हातचा घेत नव्हती थे. मरेपरेंत.”

“पेल्यानं पेली. पितळेचा होता,” गयाबाई म्हणाल्या.

“कोणी पाह्यलं?”

“मी पाह्यलं ना. कोणाले बोलवाचं होतं का पाह्याले? तिनंच म्हणलं, गया, कोठी बोलू नोको.”

“मंग आता काऊन बोलून राह्यली?”

गयाबाईंनी अंगणाकडे पाहिलं. बाहेर एका मुलाच्या बैलाचं चाक निघालं होतं आणि तो ते दगडाने ठोकत होता.

“हे पाह्य बाबाराव,” त्या म्हणाल्या, “तुह्या मायले मी नाव नाई ठेवून राह्यली. चांगली होती थे बाई. पण ही तुही सून गावचे गुण लिहून राह्यली. पायाले पाणी देल्याचा गुण हाये ना? मंग थो माहा हाये. तुमच्या घरच्या नावानं काऊन लिवाचा?”

मी वहीत ‘गुण कोणाचा’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

इथे थूल सरांनी मधे तोंड घातलं. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “आजी, तुम्ही सुनंदाताईंना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबारावांच्या आई तापाने फणफणल्या होत्या म्हणालात. इथे लिहिलंय की विहीर आटली होती.”

“दोन्ही असन,” गयाबाई म्हणाल्या. “मी का तवा लिहून ठेवत होती?”

बाबाराव लगेच म्हणाले, “पाहा. पाहा सर.” पण त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. उलट घाबरल्यासारखे वाटले. आई बाहेर पाणी प्यायली याचं त्यांना खरंच इतकं वाईट वाटत होतं की, ती प्यायली आणि घरी आयुष्यभर बोलली नाही याचं? मला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

मी कामाचं बोलले. मला तेच येतं. म्हटलं, “सुनंदाताई, पाण्याचा सगळाच परिच्छेद काढून टाका. बाकी प्रकल्प भरपूर आहे. पोळ्यावर दोन पानं वाढवा. पाच सह्या होतील, मी गुण भरते, तुमचा अर्ज जाईल.”

“मामाजी, काढू का?” सुनंदाताईंनी सासऱ्यांना विचारलं.

“काढ,” बाबाराव म्हणाले.

“काढ बाई,” गयाबाईही म्हणाल्या. “अन् माही सही बी नोको घेजो. इतके वर्स नव्हतंच लिवलेलं, आता बी नोको.”

सुनंदाताईंनी पेन उघडलं होतं, ते बंद केलं. म्हणाल्या, “मॅडम, मी रोज यांच्या घरावरून जातो. यांची नातसून माह्याकडं पोषण आहार न्याले येते. मी आता काढलं तर मले ठाऊक असूनच काढलं ना. नाई काढत मी.”

“मग यंदाचं काय करायचं?”

“तेच तर समजून नाई राह्यलं.”

मग बाबारावांनी एक अट घातली. गयाबाईंनी त्यांच्या घरी यावं, आईच्या फोटोसमोर बसून हेच सांगावं. “तिच्या समोर सांगन तर मी सही करतो. जे लिवलं त्यावर करतो.”

गयाबाईंनी तोंडातली सुपारी बाजूला केली. “मी नाई येत. पाणी माह्या दारात घातलं. तुह्या मायची जागा माह्या ओट्यावर हाये. पाह्याची असन तर तू ये. थो पेला बी हाये अजून.”

“मी नाई येत.”

“नोको येऊ.”

दोघांच्या घरांमध्ये एक गल्ली आणि एक हातपंप आहे. येताना मी पाहिलं होतं.

मग मुलांचे बैल मांडले, त्यांना बक्षीस म्हणून बिस्किटं वाटली. बाबारावांनी दुकानातून पेढे मागवले आणि पहिला पेढा गयाबाईंना दिला. त्यांनी तो घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा पदराच्या टोकाला बांधला. यावरून कोणी काही समजू नये. त्या दोघांचं एरवी उत्तम चालतं. गयाबाईंचा मुलगा बँकेत साहेब आहे आणि बाबारावांच्या धाकट्याचं कर्जाचं काम त्यानेच मार्गी लावलं.

परतताना मी थूल सरांना विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, खरं काय असेल?”

ते म्हणाले, “मॅडम, माझी आजीही ओंजळीनेच पाणी प्यायची. मला गयाबाईंवर विश्वास ठेवावासा वाटतो. म्हणूनच मी तो ताप आणि विहिरीचा प्रश्न विचारला. नसता विचारला तर बरं झालं असतं, असं तेव्हापासून वाटतंय.”

थोड्या वेळाने सर आपणहून म्हणाले, “आपला तो पाद्री मोठ्या धर्मगुरूंच्या लवाजम्यात गेला होता. त्याच्या पायाला पाणी मिळणारच. त्या दारांत आणखी कोण यायचं आणि त्याला काय मिळायचं, हे त्याला कुठून दिसणार? मी इतकी वर्षं शिकवतो, पण कधी वर्गाला विचारलं नाही.”

“मग तो खोटं लिहितो का?”

“नाही. त्याला मिळालं ते लिहितो.”

“मग बाबारावही तेच करतात.”

“हो. आणि गयाबाईपण. म्हणूनच तर काही कळत नाही.”

मी या कामात आहे तेव्हापासून माझी समजूत अशी होती की अडचण म्हणजे राहिलेलं काम. नीट लिहून काढलं, कोणाकडे काय ते ठरवलं, की सुटते. नियम सोडून द्यावा, हाही विचार करून पाहिला. पण या नियमावर मी मागे एकाला नापास केलं आहे. तो आता विचारायला आला तर सांगायला माझ्याकडे काही नाही. आणि नियम सोडला तरी त्या सहीची जागा कोरी राहीलच. गयाबाईंना कोणी विचारलं नव्हतं, ते विचारायला आपण गेलो, आणि आता मुदतीसाठी परत न विचारल्यासारखं करायचं?

सुनंदाताईंचा काल फोन आला. रडल्या नाहीत. घरात मामाजी जेवताना बोलत नाहीत म्हणाल्या. आईचा फोटो त्यांनी भिंतीवरून काढला, पुसला आणि परत लावला. “मॅडम, त्याईले जावंसं वाटून राह्यलं असन का, का भेव वाटून राह्यलं असन?” त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत? मी त्यांना मुदतीची तारीख सांगितली. ती त्यांना माझ्याआधी पाठ होती.

हा मजकूर आणि गुणांचा तक्ता एकाच आठवड्यात पाठवायचा आहे. उद्या पुन्हा त्या गावी जाते आहे. थूल सर येतो म्हणाले, मग नको म्हणाले, मग परत येतो म्हणाले. उद्याची यादी लिहायला घेतली. पुस्तकांचे उरलेले गठ्ठे पोचते करणे. शनिवारच्या तासासाठी खोली मागणे. सुनंदाताईंचे गुण भरणे. या शेवटच्या कामाच्या आधी एक काम यायला हवं, म्हणून त्याच्या वर जागा करून लिहिलं: बाबाराव आणि गयाबाई यांना एका दारात बसवणे.

दार कोणाचं, ते अजून लिहिलेलं नाही.